पद्मिनी घेताना आधी पत्रा पाहा

जुनी मोटार घेऊन ती स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा उभी करायची आणि मग नुसती झाकून न ठेवता वापरायची, अशी हौस असेल, पण विंटेज रॅलीत मिरवणाऱ्या गाड्यांवर होतो तसा खर्च परवडणारा नसेल, तर प्रीमियर पद्मिनीचा विचार जरूर करावा. आपल्याकडे ही गाडी आजही बहुतेकांच्या तोंडी 'फियाट'च आहे. टॅक्सीची गाडी, चढाला तापणारी, गिअर अडकणारी, सुटे भाग न मिळणारी, अशी तिची ख्याती आहे आणि त्या ख्यातीमुळेच ती अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली आहे. या तक्रारींपैकी बऱ्याचशा गाडीच्या नसून वर्षानुवर्षे टाळलेल्या देखभालीच्या आहेत आणि त्या जुन्नर-आंबेगावातल्या साध्या वर्कशॉपमध्ये दूर होऊ शकतात. तिचा एकच दोष खरोखर महागात पडतो. नेमका तोच आपल्या भागातले खरेदीदार शेवटी पाहतात किंवा पाहतच नाहीत. तो दोष म्हणजे कुजलेला पत्रा.

आधी बदनामीचा हिशेब करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. इटलीत १९६२ साली आलेल्या फियाट ११०० डी या मॉडेलचा हा भारतीय अवतार. आपल्याकडे साठच्या दशकात ती 'डिलाइट' म्हणून आली, सत्तरच्या दशकात 'प्रेसिडेंट' झाली आणि मग 'पद्मिनी'. मूळ आराखडा आपल्या काळात चांगलाच होता. पण परवाना राज्यात स्पर्धा नसल्याने तो दशकानुदशके जवळपास तसाच राहिला. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि हाती येईल ती गाडी मुकाट्याने घ्यायची, हा त्या काळचा रिवाज होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी जपानी आराखड्याची गाडी शेजारी उभी राहिल्यावर वीस वर्षांपूर्वीची इटालियन रचना ओबडधोबड वाटली, यात नवल नाही. लोकांचा राग खरे तर त्या व्यवस्थेवर होता. तो निघाला गाडीवर. पुढे पद्मिनी या हातातून त्या हातात विकली जात स्वस्त होत गेली आणि स्वस्त गाडीवर कुणी खर्च करत नाही. शेवटच्या मालकांनी तिच्याकडे जे दुर्लक्ष केले, तेच तिचा स्वभाव म्हणून लोकांच्या लक्षात राहिले.

याच गाडीने मुंबईत टॅक्सी म्हणून काय केले, हा उलटा पुरावाही पाहायला हवा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे वय राज्य सरकारने २००८ मध्ये पंचवीस वर्षांवर आणि २०१३ मध्ये वीस वर्षांवर आणले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. खारी हवा, तुंबलेले रस्ते, दिवसपाळी आणि रात्रपाळीचे वेगवेगळे ड्रायव्हर, पावसाळ्यात चाकभर पाणी, अशा परिस्थितीत दिवसाचा धंदा बुडाला तर चूल पेटणार नाही अशी माणसे या गाडीवर विसंबून होती. मुळातच बेभरवशाची गाडी असा धंदा काही दशके ओढू शकत नाही. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर, यांत्रिक फ्युएल पंप आणि पॉइंटवर चालणारे इग्निशन यांत कुठलाही कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पाने, फीलर गेज आणि टेस्ट लॅम्प एवढ्यावर बहुतेक दोष सापडतात.

आता मूळ मुद्दा. आपल्या भागातल्या मिस्त्रींचा आणि मालकांचाही हात घडला तो जीप आणि ट्रॅक्टरवर. महिंद्राची कमांडर असो वा जुनी जीप, तिला खाली वेगळी, जाड लोखंडी चेसिस असते. बॉडी वरून बोल्टने बसवलेली. बॉडी सडली, फळ्या ठोकल्या, दरवाजा तारेने बांधला तरी वडापची जीप चालत राहते, कारण भार चेसिसवर असतो. म्हणून 'इंजिन दणकट आहे ना, मग पत्र्याचं नंतर बघू' हा आपल्याकडचा शहाणपणा जीपच्या बाबतीत बरोबर आहे. पद्मिनीला तो लावला की पैसे बुडाले म्हणून समजा. पद्मिनी मोनोकॉक आहे. तिला वेगळी चेसिसच नाही. फ्लोअरचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत यांनी मिळून तिचा सांगाडा होतो. मागच्या पाट्यांचे हँगर आणि पुढच्या सस्पेन्शनची पकड याच पत्र्याला वेल्ड केलेली असते. इंजिन दुसरे मिळते, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, सीट तर गावातला कुशनवाला शिवून देतो. पण सांगाडा कुजला की नवा सांगाडा कुठल्याही दुकानात मिळत नाही. धूर मारणारी, बंद पडलेली, पण निरोगी पत्र्याची पद्मिनी घ्यावी. सुरेल चालणारी, चकचकीत रंगवलेली, पण खालून पोखरलेली पद्मिनी फुकट मिळाली तरी सोडून द्यावी. रंगाखाली काय आहे हे कळेपर्यंत चांगल्या इंजिनाला शून्य किंमत द्यायची, हा नियम मनाशी पक्का असावा.

पत्रा तपासायला तज्ज्ञ लागत नाही. अर्धा तास आणि मळके कपडे करून घ्यायची तयारी लागते. सोबत एक लहान लोहचुंबक, मऊ फडके, टॉर्च आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या. चुंबकाला फडके गुंडाळून तो दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. मग आतले मॅट पूर्ण उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि बॅटरीखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, कुरकुरला किंवा दबला तर गंज आरपार गेला आहे. पुढच्या काचेचे रबर कडक झाले असेल तर पावसाचे पाणी डॅशबोर्डमागून उतरून पायाखालच्या पत्र्यावरच साचते. सर्वात महत्त्वाची चाचणी जॅकची. गाडी सपाट जागी उभी करून चारही दरवाजे उघडून-लावून पाहा आणि फटी डोळ्यांत साठवा. मग एका बाजूच्या जॅक पॉइंटला जॅक लावून चाक जमिनीवरून उचला आणि त्याच बाजूचे दार पुन्हा लावा. दार पूर्वीसारखेच लागले तर दाराखालची पट्टी अजून भार पेलते आहे. दार अडकले, कुलूप जुळेना किंवा जॅकच पत्र्यात घुसू लागला, तर सांगाडा थकला आहे. विकणारा जॅक लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. शेवटी मागे जाऊन पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला मिळतात तिथे टॉर्च मारा. तिथे पत्र्यावर पत्रा चिकटवलेला दिसला तर जुनी कुज झाकलेली असण्याची शक्यता दाट असते.

यावरूनच गाडी कुठून आणायची हेही ठरते. मुंबईत आणि कोकणात पद्मिनी जास्त सापडतील, कदाचित स्वस्तही मिळतील. पण खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी आतून खाल्ली जाते. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा किंवा पुण्याच्या कोरड्या भागात आयुष्य काढलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी शेवटी स्वस्त पडते. आपल्या तालुक्यांतही हाच फरक आहे. पश्चिमेकडे आपटाळे, मढ, आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला चार महिने धुके आणि पाऊस. पूर्वेला बेल्हे, आळे, रांजणीकडे तुलनेने कोरडी हवा. पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्याने गाडी घेण्याआधी पक्क्या कोब्याची आणि वाऱ्याने खेळती राहील अशी शेड करावी. उघड्या मातीवर उभी करून वरून प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे हा पत्रा कुजवण्याचा सर्वात खात्रीचा उपाय आहे, कारण जमिनीतला ओलावा आत कोंडतो. ऊसपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे, उंदीर. तोडणीनंतर शेतातले उंदीर गोठ्यात, शेडमध्ये शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. गाडी उभी असताना बॅटरीची एक तार काढून ठेवली, तर कुरतडलेली वायर आग लावत नाही.

पत्रा पास झाला की इंजिनाकडे न वळता कागदांकडे वळावे, कारण कागद अडले तर गाडी शोभेची राहते. बऱ्याच पद्मिनी आजही आजोबांच्या नावावर आहेत. मालक हयात नसेल तर वारसांच्या नावे हस्तांतर फॉर्म ३१ वर होते आणि त्याला इतर वारसांची संमती लागते. हे हस्तांतर खरेदीपूर्वी विकणाऱ्यानेच करून द्यावे, असा आग्रह धरा. एरवीच्या हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण फॉर्म २५ वर होते आणि दर पाच वर्षांनी पुन्हा करावे लागते. केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनुसार वीस वर्षांहून जुन्या चारचाकीसाठी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये आहे. शिवाय पर्यावरण कर, जुनी थकबाकी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा खर्च धरून चाला. जुन्नर आणि आंबेगावचे काम पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ कार्यालयाकडे आहे. एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा तीन अक्षरी नंबर आणि जुने पुस्तकी आरसी असेल तर त्या गाडीची नोंद 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढली आहे का, हे आधीच तपासा. नसेल तर मूळ कार्यालयातून ती चढवून घेतल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. इंजिन आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला ठसा आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. पंधरा वर्षे झाली की गाडी बाद, हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीला तशी सरसकट वयोमर्यादा नाही, ती तंदुरुस्त असल्याचे दाखवावे लागते एवढेच. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळू शकतो. त्याची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण त्या नंबरावर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्याला नारायणगावच्या बाजाराला जायचे आहे, त्याने या मोहात पडू नये.

आता तक्रारींकडे. 'गिअर अडकतो, गिअरबॉक्स गेला' हे वाक्य जुन्या पद्मिनीबद्दल हमखास ऐकू येते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्याने तिथून गिअरबॉक्सपर्यंत लिव्हर आणि रॉडची साखळी जाते. तिच्यातले बुश झिजले की दांडा सैल होतो आणि गिअर दोन जागांच्या मध्ये अडकतो. दोष बहुतेक वेळा या बुशांचा असतो, गिअरबॉक्सचा नाही, आणि तसे बुश लेथवर बनवून मिळतात. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकला की किरकिर होणारच, ती गाडीची खोडी म्हणून सोडून द्यावी. स्टिअरिंग जड लागत असेल तर किंगपिनला शेवटचे ग्रीस कधी मारले ते विचारा. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीस मारायची रीत मोडली की हीच गाडी ट्रॅक्टरसारखी वळते. 'चढाला तापते' या तक्रारीमागे बहुधा बुजलेला रेडिएटर असतो. तो काढून, टाकी उघडून, रॉड मारून साफ करणारे कारागीर आपल्या भागात ट्रॅक्टरच्या कृपेने अजून आहेत. पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने काटा खाली राहतो खरा, पण इंजिन कायम थंड चालून बोअर झिजतो आणि पेट्रोल जास्त जाते. थर्मोस्टॅट नवा बसवा, काढून टाकू नका. उन्हाळ्यात घाटात गाडी एकाएकी बंद पडणे हा वेगळा प्रकार आहे. गरम इंजिनाला चिकटून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके टाकत ते यासाठीच. पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णतारोधक पॅकिंगचा ठोकळा शाबूत असला, पाइप एक्झॉस्टपासून दूर नेला, तर फडक्याची गरज क्वचित पडते.

इंजिनाची परीक्षा शेवटी आणि थंड असताना घ्यावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू झाल्यावर ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंग-पिस्टनचे काम आले. उतारावर रेस सोडून पुन्हा दिली की निळा धूर निघत असेल तर व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. ते काम हेड उतरवून होते आणि तुलनेने थोडक्यात निभते. हेड उतरलेच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही तपासून घ्या. ही रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहे आणि भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. झिजलेल्या जागी कठीण धातूच्या सीट बसवल्या की तो प्रश्न कायमचा मिटतो. सध्याचा प्रश्न वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे वॉशर त्यात फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेते, त्यामुळे टाकीच्या तळाशी गंज धरतो. म्हणून खरेदीनंतरच्या पहिल्याच महिन्यात सर्व इंधन पाइप इथेनॉल चालणाऱ्या फ्लोरो-रबराचे बसवावेत, टाकी उतरवून धुवावी, पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावावा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. नव्या पेट्रोलवर मिश्रण थोडे हलके होते, गाडी झटके देते; मेन जेट अनुभवी मिस्त्रीकडून जुळवून घेतला की पिकअप परत येतो.

ब्रेक आणि दिवे यांत मात्र पद्मिनीची बाजू घेता येणार नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि आपल्या एका अंगाला माळशेज घाट आहे. उतारावर सतत पाय दाबून ठेवला की लायनर तापून ब्रेक विरतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही शिस्त इथे जिवाची आहे. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे रबर, लायनर आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या कशाही दिसत असल्या तरी गाडी घेतल्यावर नव्या कराव्यात. ब्रेक ऑइल दर पावसाळ्यानंतर बदलावे, कारण तेही ओलावा धरते. जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर संथ चालताना दिवे मंदावतात. हेडलाइटला रिले बसवला की प्रकाश बराच सुधारतो, तरीही गाळप हंगामात विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात, तेव्हा रात्रीचा प्रवास टाळलेलाच बरा. पुढच्या सीटना बेल्ट नसतील तर बसवून घ्या, पण ते खिळवायची जागा आधी पत्रा वेल्ड करून मजबूत करा. पुणे-नाशिक महामार्गावर साठ-सत्तरचा वेग आणि डावी लेन, एवढे पथ्य पाळले की गाडीही सुखी आणि मालकही.

'सुटे भाग मिळत नाहीत' हा आक्षेप अर्धा खरा आहे. ब्रेक किट, क्लच प्लेट, पॉइंट, वॉटर पंप, इंजिनाचे पॅकिंग अशा झिजणाऱ्या वस्तू लाखो गाड्यांसाठी बनत होत्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या बाजारात चिकाटीने फिरले की बरेच मिळते. दुर्मिळ आहेत त्या दिसणाऱ्या वस्तू: बंपर, ग्रिल, काचेभोवतीची क्रोम पट्टी, मीटर, दारांची हँडल. म्हणून गाडी घेताना या वस्तू एकेक मोजून घ्या. इंजिनाच्या एखाद्या भागापेक्षा फुटका मीटर शोधण्यात जास्त महिने जातात. आणि जे मिळत नाही त्यातले बरेच आपल्याकडे बनते. ड्रम टर्न करणे, बुश काढणे, पाटे बदलून कमान देणे ही कामे शेतीच्या अवजारांमुळे आपल्या बाजारगावांत रोज होतात. पद्मिनीला लागणारे कौशल्य आपल्याकडे आहे. त्याला हवी ती फक्त मोजमापाची शिस्त. भाग उतरवण्यापूर्वी फोटो, पिशवीवर नाव आणि जुना भाग फेकून न देणे.

इथेच दोन मोह आडवे येतात. पहिला, दुसऱ्या गाडीचे इंजिन टाकण्याचा. डिझेल किंवा एखाद्या नव्या गाडीचे इंजिन टाकले की ॲव्हरेज वाढेल, असे सांगणारे भेटतील. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीविना करता येत नाहीत. आणि जास्त वजनाचे, जास्त थरथरणारे इंजिन त्याच पत्र्यावर बसवले की ब्रेक, सस्पेन्शन आणि सांगाडा तिन्हीवर न पेलणारा भार पडतो. ज्या साधेपणासाठी गाडी घेतली तोच गेला, तर घेतली कशाला? दुसरा मोह शोरूमसारखी करण्याचा. संपूर्ण रंग, नवे क्रोम, चामड्याच्या सीट यांतच बहुतेकांचा पैसा संपतो आणि ब्रेकचे काम 'पुढच्या हंगामात' ढकलले जाते. क्रम उलटा हवा: आधी फ्लोअर आणि पट्ट्या कापून खरा पत्रा वेल्ड करणे, मग ब्रेक, मग इंधन आणि वायरिंग, मग कूलिंग, मग इंजिन आणि अगदी शेवटी रंग. ओरखडे असलेली पण रोज निघणारी पद्मिनी ही पुरी झालेली गाडी. चमकणारी पण फाटकाबाहेर न निघणारी पद्मिनी ही अर्धवट गाडी. रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्या.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: इतका खटाटोप करण्यापेक्षा जुनी मारुती ८०० घेतली तर काय वाईट? वाईट काहीच नाही. ज्याला कामासाठी रोज विनातक्रार गाडी हवी आणि एकच गाडी परवडते, त्याने पद्मिनी घेऊच नये. ज्याला यंत्र समजून घ्यायचे आहे, घरातल्या पोराला पॉइंटची फट फीलर गेजने कशी लावतात ते दाखवायचे आहे, त्याच्यासाठी ती आहे. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. नव्या गाडीइतकी ती स्वच्छ होणार नाही, हे मान्य. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. पण २००० पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांची मर्यादा आहे आणि नीट जुळवलेला कार्ब्युरेटर ती पाळू शकतो. शिवाय महिन्याकाठी थोडेच किलोमीटर फिरणारी हौशी गाडी आणि दिवसभर पळणारे व्यावसायिक वाहन यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. पीयूसी मिळाली की काम झाले असे न समजता, वर्षातून एकदा मिश्रण आणि टायमिंग जुळवणे हे मालकाचे कर्तव्य समजावे. विम्याचेही असेच. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, म्हणून कामाची बिले आणि फोटो जपून ठेवा.

पैशांचा आणि वेळेचा मेळ आपल्या हवामानाशी घातला तर काम सोपे होते. हाताशी असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा खरेदीला, जवळजवळ अर्धा पत्र्याच्या आणि यांत्रिक कामाला आणि उरलेला अनपेक्षित खर्चाला, असे धरले तर मधेच काम थांबत नाही. गाडी पाहायला भर पावसाळ्यात जा. कुठून गळते, मॅटखाली ओल आहे का, हे तेव्हाच कळते. व्यवहार आणि कागद दसरा-दिवाळीच्या दरम्यान उरका. पत्र्याचे आणि रंगाचे काम डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत करून घ्या, कारण दमट हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो आणि त्यावर मारलेला रंग वर्षाच्या आत फुगतो. मे महिन्यात खालून गंजरोधक थर द्या, दारांच्या तळाची पाणी जाणारी भोके तारेने मोकळी करा. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून इंजिन पुरते गरम होईपर्यंत फिरवा. जागेवरच पाच मिनिटे सुरू ठेवून बंद केल्याने एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच साचते. हे वेळापत्रक दरवर्षी पाळण्याची तयारी आहे का, हे खरेदीपूर्वी स्वतःला विचारा. गिअरचे बुश, रेडिएटर, पंप, ब्रेक यांतले काहीही बिघडले तरी आळेफाटा ते मंचर यांच्या दरम्यान कुणीतरी दुरुस्त करून देईल. पत्र्याची निगा मात्र दर मे महिन्यात तुम्हालाच गाडीखाली शिरून घ्यावी लागेल. तेवढी सवड काढता येणार असेल तर पद्मिनी जरूर घ्या. नसेल तर दुसऱ्याच्या पद्मिनीत बसून लेण्याद्रीला जाऊन या, तेही सुख कमी नाही.